भट्टीचं डिझेल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या घरात गोष्टी सांगणारा माणूस मी — बारशाला, मुंजीला, कुणी अंथरुणाला खिळलं तर त्याच्या उशाशी बसवायलाही मलाच बोलावतात. चौपन्न वर्षांत इतकं बोललोय की माझ्यापाशी न सांगितलेलं काही उरलं असेल, असं कुणाच्या मनातही येणार नाही. उरलंय. एकच. आणि ते झाकून ठेवण्यासाठीच बाकीचं सगळं इतकं भराभर सांगत आलो की काय — कोण जाणे.

आम्ही कुंभकोणमचे मराठी. बाहेर तमिळ बोलतो, घरात मराठी. तीही अशी की पुण्याकडचे पाहुणे आले की गालातल्या गालात हसतात आणि मग घाईनं पाणी मागतात. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही लग्नामुंजीची जेवणं करतो. धंदा थोरल्या भावाचा, अण्णाचा. मी आचारी. शिवाय मी वाहनांतला जाणकार. ही पदवी मीच मला दिलेली होती, हे सांगायला हवं का?

काही वर्षांपूर्वी आमची जुनी छोटी गाडी थकली आणि जरा मोठी पिकअप घ्यायचं ठरलं. पेट्रोल की डिझेल? मी पेट्रोलच्या बाजूचा. फोनवर महिनाभर व्हिडिओ पाहिले होते. जेवताना मी अण्णाला ठिणगी आणि दाब समजावून सांगे, ताटातल्या पापडावर बोटानं आकृत्या काढी. पेट्रोलचं इंजिन कसं गोड चालतं, धूर नाही, थरथर नाही. पेट्रोलवर चालणारी पिकअप मिळणं मुळात कठीण, पण मी कुठून तरी एक शोधूनही काढली होती.

दुसऱ्या बाजूला एकटा मुरुगेसन — आमचा ड्रायव्हर, चोळपुरमचा, अकरा वर्षं आमच्याकडे. इथले लोक आम्हां मराठ्यांना रायर म्हणतात. तो दारातच उभा राहून म्हणाला, “रायर, पेट्रोल पळतं. डिझेल ओढतं. पातेली, भट्ट्या, तांदळाची पोती घेऊन आपल्याला पळायचंय कुठं?”

अण्णा इतका हसला की त्याला ठसका लागला. डिझेल आलं. माझा महिना पापडावरच राहिला.

गाडी आली त्या दिवशी मुरुगेसननं सगळ्यांना एक गोष्ट बजावली. ह्या नव्या इंजिनात डिझेल नुसतं जळत नाही, पंपाचं वंगणही तेच. चुकून पेट्रोल गेलं तर पंप कोरडा घासतो, आतून धातूचा चुरा सुटतो. म्हणून गेलंच, तर चावी फिरवायची नाही. टाकी रिकामी करायची. अर्ध्या तासाचं काम. तो सांगत होता सगळ्यांना, पण मला वाटलं — मलाच सांगतोय. मला शिकवतो हा?

त्या ‘मला’त पुढचं सगळं होतं.

पट्टीश्वरमला एका वास्तुशांतीचं जेवण होतं. पंगती उठल्या, सामान गाडीत चढलं, मुरुगेसन आमच्या माणसांच्या शेवटच्या पंगतीला बसला. तीन वाजत आले होते. मी गाडीपाशी गेलो. इंधनाचा पिवळा दिवा येतानाच लागला होता. परतताना वाटेत बंकवर, म्हणजे पेट्रोलपंपावर, थांबू, असं तो सकाळीच म्हणाला होता. पण मागच्या बाजूला दोन कॅन होते — एकात भट्ट्यांचं उरलेलं डिझेल, एकात जनरेटरचं पेट्रोल. मनात आलं, आपणच ओतावं. जेवून येऊन बघेल, दिवा विझलेला. रायरलाही गाडीतलं कळतं.

दोन्ही कॅन सारखेच, शेंगदाणा तेलाचे, पांढरे. खूण काही नाही. मुरुगेसन झाकण उघडून वास घ्यायचा आणि ओळखायचा. कुणीही तसंच ओळखेल. कुणीही — पण आमच्या सोवळ्यातला आचारी नाही. नैवेद्य दाखवण्याआधी अन्नाचा वाससुद्धा घ्यायचा नाही, ही शिस्त मला लहानपणी लागली. उकळत्या सांबाराचं झाकण काढताना श्वास रोखायचा, मान वळवायची. चाळीस वर्षांत ती मानेचीच सवय झाली आहे. औषधाची बाटली उघडतानाही माझी मान वळते. घरात त्यावरून थट्टा होते. त्या दुपारीही वळली. श्वास रोखून, तोंड फिरवून, मी अख्खा कॅन टाकीत रिकामा केला.

थोडं हातावर सांडलं. हात गार पडला. पुसायला फडकं शोधेपर्यंत वाळलाही.

डिझेल वाळत नाही. डिझेलचा हात साबणानं दोनदा धुतला तरी चिकट राहतो. मी त्या कोरड्या हाताकडे बघत उभा राहिलो, आणि मला कळलं. अंदाज नव्हे, शंका नव्हे — कळलं. तुम्ही म्हणाल, घाबरून गोंधळलास. तेवढा आधार मला घेता येत नाही. चावी फिरलेली नव्हती. मुरुगेसन वीस पावलांवर ताक पीत होता. एक हाक पुरली असती.

मी हाक मारली नाही. अण्णाचा तो ठसका मला ऐकू येत होता. मी दुसरा कॅनही ओतला — खरं डिझेल — मिसळून जाईल अशा आशेनं. जनरेटर सकाळपासून चालला होता, भट्ट्याही. दोन्ही कॅन रिकामे दिसले तर कुणी विचारणार नव्हतं. हा हिशेब मी किती चटकन केला!

मुरुगेसन हात पुसत आला. मी टाकीचं झाकण लावत होतो, ते त्यानं लगेच पाहिलं.

“भट्टीचं डिझेल ओतलं,” मी म्हणालो.

“बरं केलंत, रायर.”

त्यानं चावी फिरवली. मी शेजारी बसलो.

पहिले दोन-तीन किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालली. मला वाटलं, सुटलो. मग खालून एक बारीक टकटक सुरू झाली, पातेल्यात कुणी नखानं वाजवावं तशी. मुरुगेसननं रेडिओ बंद केला. दोन्ही बाजूंना भाताची खाचरं, ऊन, रस्ता मोकळा, आणि आम्ही दोघं ऐकत होतो. एकाला माहीत नव्हतं काय ऐकतोय, आणि दुसऱ्याला माहीत होतं.

“आवाज वेगळा येतोय, रायर. तुम्हांला येतो?”

“पातेली हलत असतील,” मी म्हणालो.

रेल्वे फाटकाशी चढण अगदी थोडी आहे. त्या चढावर गाडीचा जीव गेला. पुढची चाकं रुळांवर आणि इंजिन गदगदायला लागलं. फाटकाची घंटा वाजू लागली. फाटकवाला हात हलवत पळत आला. मुरुगेसन रुळांकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. क्लच सोडत, दाबत, तो इंजिनाशी हळू आवाजात बोलत होता, गोठ्यातल्या आजारी गायीशी बोलावं तसा. आणि मी? मी दाराच्या मुठीवर हात ठेवला होता. उतरून पळण्यासाठी. त्याला न सांगता.

गाडी कशीबशी रूळ ओलांडून गेली आणि पुढे जाऊन मेली. मागून फाटक पडलं. आगगाडी धडधडत गेली, तेव्हा तो स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. तेव्हाही सांगता आलं असतं.

गॅरेजमध्ये पंप उघडला, तर आत चंदेरी चुरा. मेकॅनिक म्हणाला, टाकीत पातळ काहीतरी गेलंय, पेट्रोल असेल नाहीतर भेसळीचं डिझेल. अण्णानं मुरुगेसनला विचारलं. तो म्हणाला, मी बंकवरच भरतो. त्या दिवशी रायरांनी कॅनमधलं ओतलं होतं. अण्णा माझ्याकडे वळला.

मी म्हणालो, “मी भट्टीचं डिझेल ओतलं. त्यानंच आणलेलं.”

बघा किती छोटं वाक्य. त्यात पहिला अर्धा भाग खोटा, दुसरा खरा. आणि माणूस बुडाला तो खऱ्या भागानं. रस्त्याकडेच्या पिंपातलं स्वस्त डिझेल आणून वरचे पैसे त्यानं खाल्ले, असं अण्णानं धरलं.

“त्याच डिझेलवर सकाळभर भट्ट्या पेटल्या की, अण्णा,” मुरुगेसन म्हणाला.

“भट्टी काहीही जाळते,” अण्णा म्हणाला.

मुरुगेसन माझ्याकडे बघत राहिला. रागानं नाही. एखादा आवाज कुठून येतोय ते शोधताना तो जसा बघायचा, तसा. मग त्यानं किल्ली टेबलावर ठेवली. “ठीक आहे, रायर,” म्हणाला — अण्णाला नाही, मला.

गाड्यांच्या स्टँडवर बातमी पोचायला दोन दिवसही लागले नाहीत. डिझेलला हात मारणाऱ्याला गाडी कोण देईल? कुणी दिली नाही.

इथवरचं एका दुपारचं भ्याडपण म्हणून खपवता आलं असतं. पण वर्षभरानं मायिलाडुतुरैहून एक गृहस्थ घरी आले. मुरुगेसनच्या मुलीला त्यांच्या पुतण्यासाठी मागणी घालायची होती. आपल्याकडे करतात तशी चौकशी करत होते. अण्णा बाहेरगावी होता. मी एकटा. त्यांनी कॉफी घेतली आणि अदबीनं विचारलं, “मुलीचे वडील अकरा वर्षं तुमच्याकडे होते म्हणे. का सुटले?”

घरात दुसरं कुणी नव्हतं. हसायला अण्णा नव्हता. त्या अनोळखी माणसाला खरं सांगून माझं काय गेलं असतं?

“गाडीचं काहीतरी झालं होतं,” मी म्हणालो. “मला गाड्यांतलं फारसं कळत नाही.”

त्यांनी मान डोलावली, पेला खाली ठेवला. त्यांना कळायचं ते कळलं. मागणी गेलीच नाही. त्या मुलीचं अजून जमलेलं नाही. दर वेळी कुणीतरी कुणालातरी विचारतं.

अण्णाला आजही वाटतं, त्यानं चोर पकडला. मुरुगेसन तिरुभुवनमच्या एका मंगल कार्यालयात फाटकावर असतो, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. आमची जेवणं तिथंही असतात. नव्या ड्रायव्हरला तो हात दाखवून गाडी मागं घ्यायला मदत करतो आणि मला म्हणतो, “या, रायर.” एवढंच.

पेट्रोल मी ओतलं. मला तिथंच कळलं होतं. तिरुभुवनम बसनं वीस मिनिटांवर आहे. आज मंगळवार, तो फाटकावर आहे, आणि मी घरी बसून हे तुम्हांला सांगतोय, त्याला नाही.