खणातली पोच पावती

आमच्या ट्रान्सपोर्ट कचेरीत सदूभाऊ बाकावर बसले होते. ट्रक त्यांचा स्वतःचा. डिझेल पदरचं घालून माल पोचवला, त्याला महिना झाला तरी भाडं मिळालं नव्हतं.

"आज होईल का, साहेब? हिच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचंय."

'पुढच्या आठवड्यात' हे शब्द माझ्या ओठांवर तयारच होते. पण खण उघडला, तर माल पोचल्याची त्यांची पावती तिथेच पडलेली. प्लास्टिकमध्ये जपून आणलेली, एकही डाग नसलेली. मी उठलो आणि ती भाड्याच्या चेकसह शेठजींसमोर ठेवली. त्यांनी मान वर न करता सही केली.

सदूभाऊंनी तिथूनच घरी फोन लावला. "डॉक्टरांकडे उद्याचा नंबर लाव गं," ते म्हणाले.

जाताना त्यांनी माझे हात हातात घेतले. फक्त खुर्चीतून उठायचं होतं, हे मला त्यांना सांगवलं नाही.