वीरेशच्या सोयरिकीचा हिरवा दिवा

गावाचं नाव कशाला; युसूफ वडगावचा बाजार जवळ, एवढं पुरे. तिथला किराणावाला वीरेश चौतिशीला आला तरी बिनलग्नाचा. सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. अशा माणसाबद्दल बोलायला काही सापडत नाही, म्हणून बाया त्याच्या टकलाबद्दल बोलायच्या.

अशात अंबाजोगाईच्या ईश्वरप्पांच्या रुचिकानं त्याला बघून होकार दिला. गावाला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण पोरीची एक अट होती. परदेशातले डॉक्टर पेशंटचे रिपोर्ट बोलून पाठवायचे, ते ऐकून ती टाईप करायची आणि इंटरनेटवरून परत धाडायची. "काम मी सोडणार नाही," तिनं बैठकीतच सांगितलं. "घरात इंटरनेट लागेल. चालू झालं की मी स्वतः येऊन बघीन."

वीरेशनं त्याच आठवड्यात टेलिफोनवाल्यांकडं अर्ज केला. लाईनमन पंडित राउटर घेऊन आला. फोनची वायर त्यात खोचली, नव्या कॉम्प्युटरवर नाव-पासवर्ड घातला. वीरेशची आई नीलाबाई, तिनं राउटरला विभूतीचे तीन पट्टे ओढले.

"ह्यो दुसरा हिरवा दिवा थांबला पायजे," पंडित म्हणाला. "लुकलुकतोय म्हंजे लाईन धरली न्हाई."

दिवा लुकलुकतच राहिला.

"कावून धरंना?"

"एक्सचेंज बंद हाय, मालक. तिकडची लाईट गेली."

दिवस भारनियमनाचे. वरच्या आळीला सकाळी वीज, खालच्या आळीला दुपारी. एक्सचेंज वर, वीरेशचं घर खाली. एक्सचेंजच्या बॅटऱ्या कधीच्याच मेलेल्या. नव्या मागवल्यात, एवढंच पंडितला ठाऊक. इकडं राउटर जागा झाला की तिकडं एक्सचेंज झोपायचं. एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या जावाच जणू.

यावर उपाय काढला अजीज मेकॅनिकनं. "अबे, इन्व्हर्टर बसव. दुपारी भर, सकाळी वापर. टकलावर बाशिंग लई शोभंल तुला."

इन्व्हर्टर बसला. दुसऱ्या सकाळी दिवा गपकन थांबला. वीरेशनं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकालाही आत नेऊन तो दाखवला आणि अंबाजोगाईला निरोप धाडला.

रुचिका वडिलांना घेऊन आली, ती कामासकट. कॉम्प्युटरपुढं बसली, फाईल पाठवायला लावली. अर्धी गेली नाही तोच दिवा लुकलुकायला लागला. महिना बदलला होता, त्याबरोबर भारनियमनाच्या वेळाही. वरच्या आळीची वीज आता लवकर जाणार होती.

"येईल गं माय, तवर चहा घे," नीलाबाई म्हणाली. चहा झाला, पोहे झाले, परत चहा झाला. ईश्वरप्पा भिंतीकडं बघत बसले.

रुचिकानं वीरेशलाच विचारलं, "रोज किती वेळ असतं?"

नीलाबाईनं त्याला कोपर मारलं. दिवसभर असतं म्हण, असा त्या कोपराचा अर्थ. पण आयुष्यात खोटं वजन न केलेला माणूस तो.

"सकाळीच. त्ये बी किती वेळ, सांगता येत न्हाई."

"डॉक्टरांचा रिपोर्ट अर्धा पाठवता येत नाही हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर समजूत घालता आली असती.

त्यांची जीप गेली. त्यानंतर दोन दिवस वरच्या आळीला वीज आलीच नाही आणि गावातले सगळे फोन मुके झाले. नीलाबाई शेजारच्या छबुबाईला सांगत सुटली, "नकार न्हाई आला अजून. नकार द्यायचा आसता तर दिला नसता का?" छबुबाई हो म्हणाली, आणि घरी जाऊन पोट धरून हसली.

तिसऱ्या सकाळी एक्सचेंज जागं झालं आणि फोन वाजला.

"नको उचलू," नीलाबाई म्हणाली.

वीरेशनं उचलला. पलीकडून ईश्वरप्पा बोलत होते. लाईन कधी नव्हे इतकी साफ होती. नकारासकट शब्दन् शब्द ऐकू आला. "बरं, अप्पा," म्हणून त्यानं फोन ठेवला आणि दुकानाचं फळकूट काढायला गेला.