‘कोम’चा अर्थ सांगणाऱ्या आपा

जुबेदाआपा गेल्याचं मला रियाधमध्ये सुशीलाआत्याच्या फोनवरून कळलं. “आपा गेल्या गं...” एवढंच बोलून ती रडत राहिली. ज्या आत्याचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे, तिला त्या दिवशी मी धीर देत होते, तेही आपांमुळेच.

आपा रियाधला आमच्या खालच्या मजल्यावर राहायच्या. रत्नागिरीकडच्या एका तलाठ्याची ही मुलगी इथल्या भारतीय शाळेत हिंदी शिकवायची. माझ्या लेकीला शाळेसाठी वंशावळ हवी होती, म्हणून बाबांनी गावाकडच्या जुन्या नोंदीचा फोटो पाठवला. आपा चहाला आल्या होत्या. वाचता वाचता लेकीनं विचारलं, “मम्मी, ये कोम कौन है?” नोंद होती ‘गंगा कोम रामजी’. रामजी माझे पणजोबा; आमची पणजी मात्र दुसरी. कोम म्हणजे जात, गंगा त्यांच्याच जातीतली, पण ठेवलेली बाई, असं बाबा ऐकत आले होते आणि आम्हीही. म्हणून तिच्या नातीला, सुशीलाआत्याला, आमच्या कुठल्याच कार्याचं बोलावणं नसायचं.

आपांनी चष्मा लावून फोटो पाहिला. “इथं बापाचं नाव सांगायला बिन लावतात ना? आपल्या जुन्या कागदांतही लावायचे. तसंच बाईच्या नावापुढे कोम. म्हणजे अमक्याची बायको. अब्बांच्या दप्तरात अशी कितीतरी नावं होती.” मग हळूच म्हणाल्या, “गंगा लग्नाची होती, बेटा. तिचं मागे कुणी आहे?” मी सांगितलं. “मग बाबांना आत्ताच फोन कर. चहा मी बघते.”

दुसऱ्या दिवशी नारळ घेऊन बाबा आत्याच्या दारात गेले. तिनं आत घेतलं नाही. “हे आजी असताना बोलायला हवं होतंत,” म्हणाली. पण त्या भाऊबीजेला तिनं स्वतःच त्यांना बोलावणं पाठवलं.

पुढे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घेण्याच्या सौदीकरणात आपांच्या यजमानांची जागा गेली, त्याबरोबर इकामा, म्हणजे राहण्याचा परवानाही. दोघं गावी परतली. ते गाव आत्याच्या गावासमोर, खाडीपलीकडचं. आत्या होडीनं शोधत गेली, आणि त्या दोघींचं जाणंयेणं सुरू झालं, ते आपा अंथरुणाला खिळेपर्यंत.

मागच्या आठवड्यात गावी गेले. आत्याच्या पडवीत बसायला म्हणून वेताची खुर्ची ओढली.

“ती नको, दुसरी घे,” आत्या म्हणाली. “तिथं आपा बसतात.”