सोड्याची बादली

अंजनगाव सुर्जीत आमच्या शेजारी मनकर्णाबाई राहतात. स्वच्छतेच्या बाबतीत बाई भारी कडक. नवरा कपाशीवर फवारणी करून आला की त्याचे कपडे घरात येऊ देत नाहीत. लांब निंबाखाली बादलीत धुण्याच्या सोड्याचं जहाल पाणी करतात आणि त्यातच ते भिजवतात.

दुसरी सवय मायेची. रोजचं धुणं आटोपलं की चांगल्या पाण्याची एक बादली त्याच निंबाखाली भुऱ्यासाठी ठेवायची. भुऱ्या म्हणजे त्यांचा कुत्रा. निंबाखालची बादली आपलीच, एवढं त्याला पक्कं ठाऊक. दोन्ही सवयी चांगल्या, पण झाड एकच, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी बाई सोडा कालवून कपडे आणायला वळल्या आणि भुऱ्यानं बादलीत तोंड घातलं. केकाटत तो मातीत लोळायला लागला. तोंडातून लाळेची धार, आणि पंज्यानं जबडा ओरबाडणं. नवरा सूर्यभानजी मिठाचं पाणी घेऊनच धावले. विष पोटात गेलं की उलटी काढायची, फवारणीवाल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

"धर वं त्याचं तोंड!"

"थांबा मामाजी!" सून प्रणाली कानाला फोन लावून ओरडली. "डॉक्टर नाई म्हून राहिले. सोड्यानं जाताना जिथं भाजलं, तिथंच वापस येताना भाजंल. साध्या पाण्यानं तोंड धुवा अन् घेऊन या लवकर."

माझ्या मोटारसायकलवर बाई मागं बसल्या, भुऱ्या मांडीवर. "म्याच मारलं याले," एवढंच पुटपुटत होत्या. ऐकवत नव्हतं.

भुऱ्या दवाखान्यातून परत आला, पण पाणी पिईना. पाणी पोटात गेलं नाही तर कठीण आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बादली बदलली, परात ठेवली, मडकं ठेवलं. पाणी दिसलं की तो मान फिरवायचा. वाईट वाटायचं बघून.

शेवटी बाई त्याच्यासमोर मातीतच बसल्या. परातीतलं पाणी ओंजळीत घेऊन स्वतः प्यायल्या.

"पाय, म्या पेलं. आता तू पे, बाप्पा."

भुऱ्यानं आधी त्यांचा ओला तळवा हुंगला, चाटला. मग परातीत तोंड घातलं. बाई पदर तोंडाला लावून रडल्या.

आता सोड्याच्या बादलीवर झाकण आणि झाकणावर दगड असतो. भुऱ्याची परात ओसरीत आली आहे. तो मात्र अजूनही पाण्यापाशी येऊन बाईंकडे बघत उभा राहतो, आणि हातातलं काम टाकून त्या आधी एक घोट घेतात.