वेर्नाचा आठवडा

वेर्ना स्टोव्हॉल चिडली की आमच्या गावातली कुत्रीसुद्धा रस्ता बदलतात. टेक्ससमधल्या लबक शहराच्या पलीकडे, कापसाच्या शेतांमधल्या या गावात सत्तावीस वर्षं ती शाळेची बस चालवते आहे. नियम एकच. दारापुढे एक हॉर्न. पोर आलं तर आलं, नाहीतर बस निघाली. "मी काय इथे वाट बघत बसू?" हे निम्म्या गावानं लहानपणी ऐकलंय.

यंदा मात्र बाई हरखली होती. मार्चमधल्या शाळेच्या आठवडाभराच्या सुट्टीत नातीला, दहा वर्षांच्या टेसाला, घेऊन पोर्ट अरान्ससच्या समुद्रावर जायचं. टेसा ह्यूस्टनला, आईपाशी. ही आई म्हणजे वेर्नाची लेक रेने. मायलेकींचं मुळीच पटत नाही. लेकीच्या शाळेतल्या एकाही कार्यक्रमाला वेर्ना वेळेवर पोचली नव्हती; आधी बस, मग लेक. बोलणं मोजकंच. "सुट्टी लागली की पहिल्या शनिवारी येते," वेर्ना म्हणाली. "बरं," रेने म्हणाली. तेवढ्यावर ठरलं. किनाऱ्यावरची तंबूची जागा वेर्नानं पाच महिने आधीच, नोंदणी उघडल्या मिनिटाला पटकावली.

शुक्रवारी शेवटचं पोर उतरवून तिनं फोन लावला. "उद्या निघते. पोरीला तयार ठेव."

"थट्टा करतेस का गं आई?" रेने भडकली. "आमची सुट्टी संपली. सोमवारी शाळा आहे!"

"संपली? आज तर लागली!"

"तुझ्या गावाची! टेसा गेल्या शनिवारी बॅग घेऊन पायरीवर बसली होती. अंधार पडेपर्यंत."

"मग फोन करायला काय हात मोडले होते?"

"कशाला करू? तू न येणं मला नवीन आहे का?" रेनेनं फोन आपटला.

आता सांगा, टेक्ससमध्ये प्रत्येक भागातल्या शाळा सुट्टीचा आपापला आठवडा ठरवतात, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक! पण हिच्या फ्रिजवर सत्तावीस वर्षं एकच वेळापत्रक, गावच्या शाळेचं. अख्खं राज्य त्यावर चालतं असंच ही धरून चालली. दोन दिवस तिनं शाळावाल्यांना शिव्या घातल्या, लेकीला घातल्या, वेळापत्रक फाडून चुलीत टाकलं. पायरीवर बसलेली पोर काही डोळ्यांपुढून हलेना.

सोमवारी पहाटे ती गाडीत बसली आणि नऊ तासांनी टेसाच्या थांब्यावर उभी राहिली. साडेतीनची बस चार वाजले तरी येईना. वेर्नानं त्या ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. उन्हात पाय भरून आले. आयुष्यात पहिल्यांदाच ती शाळेच्या बसची वाट बघत होती.

बस आली. टेसा उतरली, तिला बघून थबकली.

"आजी, तू नऊ दिवस उशिरा आलीस."

वेर्नाच्या ओठांवर ठेवणीतली उत्तरं आली होती. "हो," ती म्हणाली. "चुकले मी." हा शब्द लेकीनंसुद्धा तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

टेसानं बुटाच्या टोकानं खडी उकरली. "शनिवारी शाळा नसते," ती म्हणाली. "माझी बॅग अजून भरलेलीच आहे."