मोहाच्या दिवसातली तारीख

कोर्टाची तारीख वर्षभर कधीही पडो, पण मार्चात एक पडाचीच. काऊन, ते मले अजून समजलं नाई. आमच्या एटापल्लीकडच्या जंगलात हे मोहाचे दिवस. पहाटे फुलं गळतात, उन्हं चढायच्या आत वेचली नाई तर रानडुकरं खातात. वाळवलेल्या मोहावरच आमचं पावसाळ्यातलं तेल-मीठ चालते.

गावात प्रत्येक घराचं झाड ठरलेलं आहे. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कोणी उचलत नाई, सडलं तरी. ना पहारा, ना कुंपण. तंटा झालाच तर गाव बसते आन दिवस बुडायच्या आत निकाल लागते.

माझ्या भावाचा निकाल मात्र लागता लागत नाई. एका रात्री जंगलातले बंदूकवाले दारात आले, जेवाले मागितलं, त्यानं भात वाढला. दारात आलेल्याले उपाशी धाडाचं नाई, हे आईनंच शिकवलेलं. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी विचारलं, भात कोणं देल्ला? हा शहाणा म्हणते, "मीनं." खोटं बोलता आलं असतं तर आज घरी असता, गधा. तेव्हापासून जेलात आहे.

तारखेले जा, तर कधी साक्षीदार नाई, कधी आईची साक्ष घ्याले गोंडी समजणारा माणूस नाई, कधी भावाले आणाले गाडीच नाई. दरवर्षी आई आन मी, दोघी पडलेली फुलं सोडून गेलो आन हात हलवत वापस आलो. वरतून लोक म्हणतात, जंगलातले लोक मेहनत करत नाई म्हणून गरीब. अरे, एक दिवस आमच्यासंगं कोर्टाच्या पायरीवर बसून तर पाहा. अशानं कोणाचं घर वर येईन?

यंदा घरात दाणा नव्हता. आईले झाडाखाली ठेवून मी एकटीच गेली. पोलिसांच्या गाडीतून उतरताना भाऊ माझ्या मागंच पाहत होता.

"आई नाई आली?"

"मोह पडून राह्यला," मी म्हटलं. मले त्याच्याकडं पाहवलं नाई.

तो म्हणाला, "बरं केलं. आता तूही येत नको जाऊ. तिच्या एकटीच्यानं वेचणं होत नाई."

साक्षीदार आलाच नाई. पुढची तारीख पडली. बसस्टँडवर येऊन मी खूप रडली. भावाचं म्हणणं बरोबर होतं, म्हणून रडली.