निकालानंतर परत दिलेली बंदूक

ती बारा बोअरची बंदूक माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. निवृत्त झालो, पण निवडणुका आल्या की ती आठवते आणि मी बेचैन होतो.

मी तेव्हा मानवत भागात ठाणेदार होतो. आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करून घ्यायच्या आणि निकालानंतर परत द्यायच्या, ही आमची नेहमीची पद्धत. तशी ही परत दिली आणि काही दिवसांतच तिचा मालक ठाण्यात हजर झाला. माजी सैनिक, सीमेवर लढलेला, आता कापसाच्या एका जिनिंग कारखान्यावर पहारेकरी. सावधान उभा राहून म्हणाला, "साहेब, बंदूक चोरीला गेली. ती न्हाई तर नोकरी न्हाई. पोरगी कॉलेजात हाय माझी."

बंदूक हरवली की ठाणेदाराला जेवण गोड लागत नाही. ती कुठल्या दरोड्यात वापरली गेली, तर वरिष्ठ आधी माझी मान धरणार. गुन्हा नोंदवला, घराचा पंचनामा केला. कुलूप शाबूत, कडीकोयंडा जागेवर. चोर घरातलाच, हे नवशिक्या शिपायालाही कळलं असतं. फौजीला मात्र ते सांगून पटेना.

मग देवगाव फाट्यावरच्या आमच्या खबऱ्यानं कळवलं, की फौजीचा मेहुणा गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी लांबडं मोटारसायकलवरून घेऊन गेला. मेहुणा मेंढ्या पाळणारा, साधा माणूस. त्याला आणून बसवलं, तर तोंडातून शब्द काढेना. दोन लगावल्या की बोलेल, असं आमच्या जमादाराचं मत. मी नको म्हणालो. चोर सहसा फार बडबडतो. असा गप्प बसणारा कुणाला तरी सांभाळत असतो.

"कुणाला वाचवायलास?" मी विचारलं.

त्याचे डोळे भरले. "अक्काला धरू नका साहेब. तिनं दिली, म्या कडब्यात ठिवली."

अक्का म्हणजे फौजीची बायको. कडब्याच्या गंजीतून पंचांसमक्ष बंदूक काढली आणि बाईंना बोलावून घेतलं. त्या न रडता बोलल्या.

"लढाईच्या टायमाला हे तिकडं, मी हिकडं लेकरं घेऊन. पोस्टमन दिसला तरी धडकी भरायची. आता हे घरी हाईत, तर भ्याव घरातच. इलेक्शनच्या आधी एका दिवशी म्या बघितलं, नळी हनुवटीखाली लावून बसलेले. मला बघून खाली ठेवली अन् चहा मागितला. बंदूक तुमच्याकडं होती तेवढे दिवस मी पोटभर जेवले. तुमी परत कशाला दिली?"

फौजीला आत घेतलं. तो बायकोवर भडकलाच. "हिनं माझ्या पोटावर पाय दिला, साहेब!"

"पोटाचं बघू आपुन," बाई म्हणाल्या. "तुमी ऱ्हावा."

तो फरशीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला. "माझा जोडीदार लढाईत तिकडंच ऱ्हायला. हितं गेटवर उभं असलो की कळंना होतंय, मी कशाला आलो माघारी." जमादार पाणी आणायला म्हणून बाहेर गेला, तो बराच वेळ आलाच नाही.

गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा अहवाल न्यायालयात पाठवला. परवाना त्यानं आपणहून परत केला, बंदूक सरकारजमा झाली. जिनिंगच्या मालकाला मी गळ घातली, तेव्हा त्यानं फौजीला वजनकाट्यावर घेतलं. पगार कमी झाला, पण घर सावरलं. सैनिकांच्या दवाखान्यात उपचारही सुरू झाले. पहिल्या खेपेला बाईच सोबत गेल्या.

बंदूक कुणी नेली, हे शोधायला मी नोकरीत शिकलो होतो. ती घरात नसावी असं कुणाला वाटतं, हे विचारायला त्या बाईंनी शिकवलं. पुढे प्रत्येक निकालानंतर बंदुका न्यायला रांग लागली, की मी मुद्दाम बाहेर येऊन थांबायचो आणि फाटकाशी कुणाची बायको, कुणाची आई उभी आहे का, ते बघायचो. एकही यायची नाही. मी सह्या करून बंदुका देत राहायचो.